लिंबूटिंबूला इंग्रजीत काय म्हणतात?

मंगळवारी संध्याकाळी एकवीस जणांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. लग्नात वाजल्या होत्या, पण त्या मंगलाष्टकं संपली म्हणून. आज शुक्रवार उजाडला तरी मंगळवारच्या टाळ्या कानातून जात नाहीत.

माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे, टिळक रस्त्याच्या एका आतल्या गल्लीत, गेली ३१ वर्षं. मे महिन्यात एक बाई आल्या, बरोबर फुटबॉलच्या कपड्यातला मुलगा. बाईंनी इंग्रजीत, तेही घाईत, 'शिन गार्ड' मागितले. मी 'चिन' ऐकलं आणि हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा काढून काउंटरवर ठेवला. तो मुलगा बिचारा पट्टा नडगीला लावून बघत बसला. घरी मी हा किस्सा विनोद म्हणून सांगितला. सुनेने तो विनोद म्हणून ऐकला नाही. पुढच्या सोमवारी मी इंग्रजी संभाषणाच्या वर्गात होतो. सहा आठवडे, ४५०० रुपये, एकदा भरले की परत नाहीत.

वर्गात मुलाखतींची तयारी करणारी पोरं-पोरी आहेत, नवऱ्याकडे जर्मनीला निघालेली एक मुलगी आहे (ती इंग्रजी का शिकते हे तिलाही नीट सांगता येत नाही), मी आहे, आणि आजोबा आहेत.

आजोबा नारायण पेठेतले, वय ७८. सरकारी हिशेबखात्यात पस्तीस वर्षं इंग्रजी मसुदे लिहून निवृत्त झालेले. त्यांचं इंग्रजी वर्गात सगळ्यात चांगलं आहे, मॅडम धरून. मग येता कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. म्हणाले, "घरी कुणी ऐकत नाही. बागेत गेलो तर सगळे आपापलंच सांगतात. इथे पैसे भरलेत, त्यामुळे ऐकून घेतात."

मंगळवारचा धडा होता खेळांचे शब्द. मी मनात म्हटलं, आज आपलं राज्य. (लहानपणी ज्याच्यावर राज्य यायचं त्याचेच हाल व्हायचे, हे तेव्हा आठवायला हवं होतं.)

मॅडम तेवीस-चोवीसच्या. त्यांनी फळ्यावर तीन रकाने आखले. प्ले, गो, डू. चेंडू असेल किंवा समोर प्रतिस्पर्धी असेल तर प्ले. शब्दाच्या शेवटी 'इंग' असेल तर गो, म्हणजे गो स्विमिंग, गो सायकलिंग. उरलेलं सगळं डू. डू योगा, डू जिम्नॅस्टिक्स, डू जुडो.

माझ्या शेजारून खाकरल्याचा आवाज आला.

"मॅडम, जुडोत समोर कोण असतं?"

"पार्टनर, सर."

"तो आपल्याला उचलून आपटतो ना?"

"हो."

"मग पार्टनर कसला? प्रतिस्पर्धीच की. प्ले जुडो व्हायला हवं."

"मार्शल आर्टला डू येतं, सर."

"बरं. कुस्ती?"

"रेसलिंग. शेवटी इंग आहे, म्हणजे गो..." मॅडम जरा थांबल्या. "डू रेसलिंग पण चालेल."

"चालेल म्हणजे काय? आपल्याकडे कुस्ती खेळतात, कुस्ती करतात, कुस्ती धरतात, कुस्ती लावतात आणि जिंकली की कुस्ती मारतात. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीहून ब्राँझपदक आणलं, ते तुमच्या कुठल्या रकान्यात घालू?"

मॅडम म्हणाल्या, "इंटरेस्टिंग!" इंग्रजीत 'इंटरेस्टिंग' म्हणजे 'आता पुरे', हे मला त्या क्षणी कळलं. साडेचार हजारांतले निदान चाळीस रुपये तिथे वसूल झाले.

पण आजोबांना कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. पुढे जोड्या लावून संभाषण होतं आणि माझ्या वाट्याला तेच आले. मी फळ्यावर बघून विचारलं, व्हॉट इज युअर फेवरिट स्पोर्ट?

"आट्यापाट्या."

मॅडम लगबगीने आल्या. "सर, इन इंग्लिश प्लीज."

"आट्यापाट्या."

"याला इंग्रजी शब्द असेल ना काहीतरी?"

"क्रिकेटला मराठीत काय म्हणता?"

"क्रिकेट."

"मग आट्यापाट्याला इंग्रजीत आट्यापाट्या. आपण त्यांचे शब्द जसेच्या तसे घेतले, आता त्यांनी आपले घ्यावेत. कबड्डीत घेतलेच आहेत की. अख्खा संघ बाद झाला की इंग्रजी नियमात काय लिहितात? लोना. आपलं लोणच ते. चढवलं की दोन गुण जादा, इंग्रजीतही दोनच."

मॅडमनी शेवटी हार मानली आणि खेळाचं वर्णन तरी इंग्रजीत करा म्हणाल्या. ही त्यांची त्या दिवसातली सगळ्यात मोठी चूक. आजोबा उठले. त्यांनी बाकं सरकवायला लावली. बाकांच्या मधल्या फटी म्हणजे पाट्या, खऱ्या नऊ असतात, इथे चारच बसल्या. मधून उभी जाते ती सूर. "यू आर ऑन द सूर," असं म्हणून त्यांनी मला मधोमध उभं केलं आणि हात पसरायला लावले. माझ्या उजव्या खांद्याचं दुखणं आहे, हात कानाच्या वर जात नाही, पण सांगणार कुणाला आणि कोणत्या भाषेत? जर्मनीच्या मुलीला पाटी ओलांडून यायला सांगितलं. ती ओढणी खोचून माझ्या बगलेखालून अशी सटकली की आजोबा ओरडले, "लुक! शी हॅज प्लेड बिफोर!" मागच्या पोरांनी हे मोबाइलवर घेतलं. ते कुठे फिरतंय याची चौकशी मी अजून केलेली नाही.

बाकं जागेवर लागेपर्यंत बराच वेळ गेला. मग कागद वाटले. कुठला खेळ कुठे खेळतात, जोड्या लावा. फुटबॉलसमोर मी ग्राउंड लिहिलं, ते चूक. पिच पाहिजे होतं. पिच २२ यार्डांची असते, मी ३१ वर्षं स्टंपा विकतोय. इंग्लंडमध्ये म्हणे अख्ख्या मैदानालाच पिच म्हणतात. म्हणोत. कोर्टाचं मात्र बरोबर आलं. दुकानाच्या जागेचा दावा चौदा वर्षं चालू आहे, कोर्टात खेळ चालतो हे मला वेगळं शिकवावं लागत नाही. टेनिसमध्ये लव्ह म्हणजे शून्य यावर जे विनोद व्हायचे ते झाले, ते मी इथे देत नाही.

मग 'विन' आणि 'बीट'. मी वाक्य केलं, इंडिया वन ऑस्ट्रेलिया. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "मॅच विन करतात, समोरच्या टीमला बीट करतात. ऑस्ट्रेलिया विन केली तर ती आपलीच झाली की, अंकल!" मला वाटलं आजोबा माझी बाजू घेतील. त्यांनी मान डोलावली. "करेक्ट. मराठे १७५८ ला अटकेला गेले, दे वन अटक. ते बरोबर. ऑस्ट्रेलियाचं यांचं चूक."

शेवटचा शब्द होता 'कन्सीड'. आजोबांनी हात वर केला आणि १९४८ सालात शिरले. पूना क्लबचं मैदान, रणजी, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आणि काठियावाडच्या कप्तानाने सामनाच सोडून दिला. पुढे खेळायला उतरलेच नाहीत. आजोबांचे वडील त्या दिवशी मैदानात होते, निदान आजोबा तसं सांगतात. "इंग्रजीत याला कन्सीड म्हणतात, मॅडम. मराठीत रडीचा डाव."

"वंडरफुल, सर!" मॅडम म्हणाल्या.

इथे एक गोष्ट नोंदवतो. ते सर. मी अंकल. दोघांनी फी तेवढीच भरली आहे.

आणि मग चित्रं आली. पडद्यावर चित्र, एकेकाने उठून नाव सांगायचं. कुणाला बॅट आली, कुणाला शिट्टी. मला आलं बॅडमिंटनचं फूल.

आता हे फूल मी रोज विकतो. पिसाचं विकतो, प्लास्टिकचं विकतो. पिसाच्या फुलात १६ पिसं असतात, वजन पाच ग्रॅमच्या आसपास. डबीवर वेगाचा आकडा असतो, उन्हाळ्यात ७६ द्यायचं आणि थंडी पडली की ७७, कारण गार हवेत फूल लवकर दम टाकतं. हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं आणि त्या गर्दीत जो एक शब्द हवा होता तो काही बाहेर येईना. घसा कोरडा. एकवीस तोंडं माझ्याकडे वळलेली. मी म्हणालो, "फ्लॉवर."

मराठी माणसाला फ्लॉवर म्हणजे आधी भाजी. मागून कुणीतरी म्हणालं, "पाव किलो द्या." वर्ग फुटला.

"नो नो, डोन्ट लाफ!" मॅडम म्हणाल्या. "गुड ट्राय, अंकल! एव्हरीबडी, अ बिग हॅण्ड फॉर अंकल!"

वाजल्या. आजोबांनी सगळ्यात मोठ्याने वाजवल्या, हात डोक्याच्या वर नेऊन. त्यांचे खांदे शाबूत आहेत.

या खेळाचे नियम गोऱ्या साहेबांनी १८७३ च्या सुमारास आपल्या पुण्यात बसवले, खेळाला तेव्हा पूना म्हणत. पुढे ग्लॉस्टरशायरमधल्या एका ड्यूकच्या वाड्याचं नाव त्याला चिकटलं, कारण त्या वाड्याचं नाव बॅडमिंटन. गावाचं नाव गेलं ते गेलंच, आता त्याच गावात, त्याच खेळावरून, मलाच टाळ्या.

त्या टाळ्या कसल्या होत्या ते मला रात्री झोपताना आठवलं. आमच्या वाड्यात धाकटा भाऊ लिंबूटिंबू असायचा. खेळायला घ्यायचा, पण बाद झाला तरी बाद नाही, धावा काढल्या तरी मोजायच्या नाहीत. त्याने बॅट नुसती हलवली की आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो, तो रडत आत जाऊन आईला सांगू नये म्हणून.

गुरुवारी वर्ग सुटल्यावर मी मॅडमना विचारलं, लिंबूटिंबूला इंग्रजीत काय म्हणतात? त्यांनी थोडा विचार केला. "बिगिनर?"

नाही हो. बिगिनर बाद होतो.

त्यांनी शब्द वहीत लिहून घेतला आणि "व्हेरी गुड क्वेश्चन, अंकल" म्हणाल्या.

आज सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर आजोबा. नातू सुट्टीला आलाय म्हणे. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी मराठी, ते मराठी, मागे तसबिरीत आमचे तीर्थरूप, तेही मराठी. तरी त्यांनी काउंटरवर दोन्ही हात ठेवले, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि एकेक अक्षर सुटं करत म्हणाले, "वन शट्-ल्-कॉक, प्लीज."

मी सुटं फूल देतो. रोज देतो. समोरच्या बरणीत अकरा होती.

"सुटं मिळत नाही," मी म्हटलं. "डबी घ्यावी लागेल."