मले काय लपवाचं हाये!

राजेहो, आधी जागा निवडा. सुरक्षा, गुन्हेगारी, मोबाइलमधली हेरगिरी आणि नागरिकांचे हक्क अशा भारी विषयांवर बोलायला दिल्ली-मुंबईत थंडगार सभागृहं असतात म्हणे. आपल्याला पानठेला पुरतो. एसटी थांब्याला लागून, डीपीच्या सावलीत, एका बाजूला फुटकं बाकडं. सकाळी नऊच्या आत पोहोचा. नऊनंतर कामाचे कास्तकार वावरात जातात आणि उरतात ते आपल्यासारखेच. त्यांना पटवून काय मिळणार?

बसल्याबसल्या एक खर्रा सांगा. पोरगा सुपारी-तंबाखू पन्नीत गुंडाळून घोटायला लागला की त्या घोटण्याच्या तालावर पहिलं वाक्य सोडा, "या देशात कायद्याचा धाकच नाही राह्यला." गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि पुढे ती खर्रा-माव्यापर्यंत पोहोचली, ही आठवण अशा वेळी कोणी काढत नाही. काढलीच तर तो माणूस बाहेरगावचा समजावा.

आता मुख्य मंत्र. सरकार फोन ऐकतं, कंपन्या माहिती विकतात, चौकाचौकात कॅमेरे येणार, चेहरा पाहून माणूस ओळखणारी यंत्रं येणार, बातमी कोणतीही असो, उत्तर एकच. छातीवर हात ठेवून म्हणायचं, "पाहू दे ना जी. मले काय लपवाचं हाये?" हात छातीवरच ठेवा, कारण खर्ऱ्याची पुडी त्याच खिशात असते आणि ती थोडी दिसत असते.

हे वाक्य म्हणायला माणसाचं सगळं स्वच्छ असावं लागतं असा गैरसमज करून घेऊ नका. उलट आहे. आमच्याकडे हे वाक्य सर्वांत खणखणीत आवाजात म्हणणारे जे काकाजी आहेत, त्यांच्या कोठ्यात दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी कुटाराखाली चोरबीटीची पाकिटं असतात. तणनाशक मारलं तरी न मरणारी ही कपाशी. केंद्राची तिला मान्यता नाही आणि आमच्या शिवारात तिच्याशिवाय पऱ्हाटी नाही. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहाँगीरला शेतकऱ्यांनी ती सगळ्यांदेखत पेरून सत्याग्रह केला होता. पण तो त्यांचा मार्ग. काकाजींना सत्याग्रह परवडत नाही, त्यांना कुटार परवडतं. शिवाय मोटरपंपासाठी तारेवर टाकलेला आकडा आणि घरात सांगितलेला कर्जाचा आकडा, हे दोन्हीही खरे नाहीत. एवढं असून काकाजींना लपवण्यासारखं काही नाही, कारण पाहणारा पाहील तो दुसऱ्याला, याची त्यांना खात्री आहे. तीच खात्री तुम्हाला कमवायची आहे.

मध्येच एखादं अगाऊ पोरगं म्हणेल, "काकाजी, मंग द्या तुमचा मोबाइल इकडे, गॅलरी पाहू." घाबरायचं नाही. शांतपणे विचारायचं, "तुवा बाप काय करते रे?" वाद तिथेच संपतो.

खरी अडचण अमरावतीहून सुट्टीला आलेल्या वकिलीच्या पोरांची. ती तारखा सांगतात. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि ती याचिका के. एस. पुट्टस्वामी नावाच्या, ऐंशी ओलांडलेल्या निवृत्त न्यायाधीशांनी केली होती, वगैरे. पोरगं बोलत असताना मध्ये पडू नका. संपलं की विचारा, "त्यानं कधी कापूस इकला काय?" या प्रश्नाला भारतीय राज्यघटनेत उत्तर नाही. त्याच दमात सांगून टाका की खासगीपणा हे बंगल्यात राहणाऱ्यांचे चोचले आहेत. आपल्याकडे भिंतीपलीकडच्या घरात फोडणी कशाची पडली तेही आपल्याला कळतं. हे सांगताना कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानासमोरच्या रांगेकडे पाठ असू द्या. तिथे कापूस वेचून आणि निंदण करून रेषा झिजलेल्या म्हाताऱ्या मशीनवर अंगठा लावत असतात. नाही उमटला की बोट धुवायचं, पुसायचं, खोबरेल लावायचं, पुन्हा टेकवायचं. अशी म्हातारी चर्चेत आली तर चर्चा उगाच खाली उतरते.

कलम फेकायचंच असेल तर ६६अ फेका. इंटरनेटवर कोणाला टोचेल असं लिहिलं की अटक, असं ते कलम. बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा, नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या चार ओळींवरून पोलिसांनी उचललं होतं. एकीने लिहिलं, दुसरीने नुसतं लाइक केलं. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. तरीही देशभर त्याखाली गुन्हे दाखल होत राहिले आणि २०२१ मध्ये हे ऐकून न्यायालयालाच धक्का बसला. तेव्हा कलम मेलेलं आहे की जिवंत, ही काळजी तुम्ही कशाला करता? ठाण्यात करत नाहीत.

तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचत बसू नका, शीर्षक पुरतं. पेगाससचंच घ्या. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं हेरगिरीचं हत्यार, २०२१ च्या जुलैत गाजलं. न्यायालयाने समिती नेमली. समितीने २९ फोन तपासले, पाचांमध्ये काहीतरी घातक सापडलं, पण ते पेगाससच आहे असं ठामपणे म्हणता आलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही असंही समितीने नोंदवलं. यापेक्षा सोयीचा निकाल कोणाला हवा? एका बाकड्यावर "सापडलं!" आणि समोरच्या बाकड्यावर "नाही सापडलं!" दोन्ही बाकडी जिंकली, खर्रा हरलेल्याने द्यायचा ठरलं होतं म्हणून कोणीच दिला नाही.

किंवा संचार साथी. प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये हे सरकारी ॲप आधीच टाकून द्या, असा आदेश कंपन्यांना गेल्याचं कळलं तेव्हा काकाजींनी दीड तास समजावलं की अशी सक्ती देशासाठी किती गरजेची आहे. ३ डिसेंबर २०२५ ला सरकारने सक्ती मागे घेतली. दुसऱ्या दिवशी काकाजींनी तेवढाच वेळ समजावलं की सक्ती मागे घेणं किती शहाणपणाचं आहे. आवाजाची पट्टीसुद्धा तीच. मी म्हणतो, अभ्यास करावा तर असा.

आता आमच्या गुरुजींचा किस्सा, कारण मंत्र मनापासून जपला तर तो किती फळतो हे त्यातून कळेल. गुरुजी निवृत्त, पेन्शनर, आयुष्यात तिकीट न काढता एसटीत बसलेले नाहीत. गावात "मला काय लपवायचं आहे" हे वाक्य खरोखर लागू पडेल असा हा एकटाच माणूस. त्यांना एके दिवशी व्हिडिओ कॉल आला. पलीकडे खाकी वर्दी, मागे झेंडा, फाडफाड हिंदी. तुमच्या आधारवर एक पार्सल पकडलंय, त्यात अमली पदार्थ आहेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलेलं आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही.

डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये तसं सांगितलं, आणि अशी फसवणूक झाली की १९३० वर फोन लावा हेही सांगून सांगून सगळे थकले. गुरुजींनी ती 'मन की बात' ऐकलेली होती. पण इतकी वर्षं त्यांनी हेही ऐकलं होतं, स्वतः म्हटलंही होतं, की सरळ माणसाला पाहिलं जाण्याची भीती नसते. साहेब म्हणतात कॅमेरा चालू ठेवा, तर ठेवायचा. साहेब म्हणतात दार लावा, तर लावायचं. खात्यात किती आहेत विचारतात, तर पासबुकच दाखवायचं. लपवायचं काय आहे? तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून गुरुजी दीड दिवस बसले. परसाकडे जाताना परवानगी मागत होते. काकू दाराआडून विचारत होत्या, "अहो, जेवता की नाही?" आणि आत हळू आवाजात उत्तर, "साहेब जेवत आहेत, मग मी." एफडी मोडायला सोमवारी बँकेत जायचं ठरलं होतं.

रविवारी संध्याकाळी लाइन गेली. मग टॉवरही गेला. शहरात माणसाला बेकायदा डांबलं तर हेबियस कॉर्पसचा अर्ज करावा लागतो. आमच्याकडे ते काम लोडशेडिंगने केलं. पुतण्या आला, त्याला प्रकार कळला, घरात रडारड झाली, पैसे वाचले. रात्री अकराला लाइन आली. सगळे निजलेले पाहून गुरुजींनी स्वतःहून तो नंबर परत लावला. अटकेतून पळून गेलो असं साहेबांना वाटू नये म्हणून.

(नंबर बंद होता. गुरुजींना त्याचीही दोन दिवस काळजी वाटत होती.)

हा किस्सा पानठेल्यावर निघाला तर "मास्तर लोक भोळेच असतात" एवढं म्हणून पिंक टाका आणि पुढच्या विषयाकडे वळा. पुढचा विषय म्हणजे कॅमेरे.

आमच्या ग्रामसभेत कॅमेऱ्यांचा ठराव काकाजींनीच आणला. रात्रीतून मोटरपंपाच्या केबली कापून नेतात, तांबं वितळवून विकतात, हे खरं दुखणं आहे. ज्याची केबल गेली त्यालाच हरभऱ्याचं पाणी चुकल्याचा हिशेब कळतो. तर चार कॅमेरे आले. कंपनीच्या पोराने ते चौकात, शाळेपाशी, थांब्यावर आणि ग्रामपंचायतीच्या दारात लावले. केबली जातात शिवारात, तीन किलोमीटर लांब. पण खांब गावात होते.

पहिल्या महिन्यात चोर एकही सापडला नाही. ग्रामपंचायतीच्या खोलीत मात्र संध्याकाळी खुर्ची मिळेना. कोणाची पोरगी थांब्यावर कोणाच्या गाडीवरून उतरली, हे मागे-पुढे करून, थांबवून, मोठं करून पाहिलं गेलं. एकीचा कॉलेजचा पास बंद झाला. तिला लपवण्यासारखं काही होतं की नाही, हे तिला कोणी विचारलं नाही. दुसऱ्या महिन्यात थांब्यावरच्या कॅमेऱ्यात स्वतः काकाजी सापडले, रात्री सव्वादहाला, नाल्याकडच्या वाटेने येताना, दोन पावलं इकडे आणि एक तिकडे. त्या वाटेवर मोहाचीच भट्टी आहे, मंदिर नाही.

दुसऱ्या दिवशी काकाजी पानठेल्यावर गंभीर होते. म्हणाले, "त्याचा डोया इकडे काऊन आहे? आपल्याच लोकाईले काय पाह्यते तो? बेड्याकडे फिरवा ना." एका पोराने बांबूने कॅमेऱ्याची मान फिरवली. आता तो पारधी बेड्याकडे, म्हणजे पारध्यांच्या वस्तीकडे पाहतो.

इथे तुम्हाला इतिहास येत नसला तरी चालतं, पण कोणी काढलाच तर माहीत असू द्या. १८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा करून अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. १९५२ मध्ये तो शिक्का कायद्यातून निघाला. पारध्याचं पोरगं तालुक्याला नवे बूट घालून गेलं की जमादार अजून पावती विचारतो, तो भाग वेगळा. २०२२ च्या नव्या कायद्याने पोलिसांना बोटांच्या ठशांबरोबर डोळ्यांचे ठसे आणि शरीराचे नमुनेही घेता येतात आणि त्यांची नोंद ७५ वर्षं राहते. बेड्यावरची म्हातारी माणसं हे ऐकून चकित होत नाहीत. त्यांच्या आज्याचीही नोंद होती. आणि १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना, पोरं पळवणारी टोळी आली या मोबाइलवरच्या अफवेपायी, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं, तेही डवरी गोसावी होते, फिरस्ते. त्यानंतर व्हॉट्सॲपने एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. माणसंही पाच आणि मर्यादाही पाच. हे पानठेल्यावर बोलू नका, खर्रा कडू लागतो.

तर, मागच्या पंधरवड्यात तीन वावरांतून केबल गेली. काकाजींचीही गेली. ठाणेदारांची गाडी आली ती सरळ बेड्यावर, आणि दोन पोरांना घेऊन गेली. गंमत अशी की त्या रात्री कॅमेरा बेड्याकडेच पाहत होता. मी सहज जाऊन ते फुटेज पाहिलं. रात्रभर एक म्हातारा बाजेवर खोकत होता, दोन कुत्री, पहाटे एक बाई पाण्याला गेली. ती दोन पोरं म्हाताऱ्याच्या पायथ्याशी पांघरूण घेऊन झोपलेली. साडेपाचला उठली.

ऑपरेटर पोरगा म्हणाला, पंधरा दिवसांनी हे आपोआप पुसलं जाते, आज चौदावा आहे, तुम्हाला पेन ड्राइव्हमध्ये पाहिजे तर सरपंचाचं पत्र आणा. सरपंच काकाजींचे पुतणे.

मी तिथून पानठेल्यावर आलो. नऊ वाजायचे होते, बाकडं भरलेलं होतं, काकाजी सांगत होते की कॅमेरे लागल्यापासून कायद्याचा धाक थोडा तरी वाटायला लागला. मी एक खर्रा सांगितला.