एकच बूट, तोही रस्त्यावर

नवं वर्ष आलं की संकल्पांचा ऊत! आम्हाला एकही नको. रस्त्याकडेला एकटा पडलेला बूट दिसणं बंद झालं तरी पुष्कळ. लहानग्यांचं समजू शकतं: गुबगुबीत टाच, ढिला वेल्क्रो, कडेवर बसून पाय झाडले की बूट गळालाच, मोजा तेवढा पायात. पण मोठ्या माणसाचा, नाडीची गाठ शाबूत असलेला बूट? तो बहुधा कॅरिअरवरून पडलेला. अहो, दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधा, मग पट्ट्यात ओवा! आणि सापडलेला बूट कृपा करून घरी नेऊ नका. शोधणारा त्याच वाटेनं उलटा येतो. तिथंच कुंपणाच्या खुंटावर, नजरेच्या उंचीवर, पालथा अडकवा. सरळ ठेवला की पावसाचं तळं होतं आत.