वंशावळीत आत्या कुठं असते?

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात जुंपली. एका पुतणीनं विचारलं, कॅन्सर घराण्यातून येतो का ते सांगणारा समुपदेशक कोल्हापुरात, सीपीआर या सरकारी दवाखान्यातच मिळाला तर किती बरं होईल? त्यावर आमचा चुलतदादा : ‘हितं केमोचं बिल भागवायला म्हस इकावी लागत्या आणि तुमास्नी जीन बघायच्यात व्हय? गोऱ्यांचे लाड सगळे.’ खाली अठरा अंगठे.

इथं इंग्लंडात, लीड्समध्ये बसून माझं डोकं सणकलं. लाड कसले? जीपीनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, चिठ्ठी दिली, पाच महिने थांबले (हो, पाच), आणि मग एका बाईनं फोनवर पाऊण तास नुसत्या चौकशा करून घराण्याचा नकाशा काढला. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, वारलेल्यावर तिरकी रेघ. रक्त नंतर घेतलं. म्हणजे सुरुवातीला लागतं काय, तर कागद, पेन आणि नीट विचारायला शिकलेलं माणूस. ते एखाद्या नर्सबाईंनाही शिकवता येईल, अवघड केस असली तर व्हिडिओवरून मुंबईच्या टाटाला विचारावं.

दादाचा पैशाचा हिशेबही कच्चाच. घरात एकाच्या जीनमधला दोष नेमका सापडला की बाकीच्यांची तेवढी एकच जागा तपासायची, ते बरंच स्वस्त पडतं. बीआरसीए-१ या जीनमध्ये दोष असलेल्या बाईला ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के, अंडाशयाचा ४४. एका म्हशीत तेवढी केमो भागते का, विचारा त्याला.

आणि माहिती काढायला कोल्हापूरसारखं गाव नाही. रंकाळ्यावर भेटलेला माणूस दोन मिनिटांत तुमच्या चुलत्याच्या सासऱ्यापर्यंत पोचतो. इथं नऊ वर्षांत मला शेजाऱ्याचं आडनाव कळलेलं नाही.

फोनवरच्या बाईनं विचारलं, वडिलांना बहिणी किती? मी चमकले. बापाकडूनही येतं हे मला कुठं ठाऊक होतं! थोरली गडहिंग्लजची आत्या. कशानं गेली? पोटाच्या दुखण्यानं. नाव? मला नाव आठवेना. आम्ही तिला गडहिंग्लजची आत्याच म्हणायचो. दादानं छापून घेतलेल्या वंशावळीत अकरा पिढ्या आहेत, बाई एकही नाही. तो गोल बिननावाचाच राहिला.

माझा रिपोर्ट मार्चमध्ये आला. दोष आहे. सोबत नातेवाइकांना द्यायचं पत्र, त्यात दोषाची नेमकी जागा. दादाची आणि लागलं तर त्याच्या पोरींची तपासणी त्या एका ओळीवर होईल. पत्र ड्रॉवरमध्ये आहे. वंशावळीत माझंही नाव नाही. मी भावकीतली असल्याचा लेखी पुरावा म्हणाल तर तो रिपोर्टच.

त्या रात्री दादाला लांबलचक झाडलं. तुम्ही किती मागे, आम्ही इथं कसे. पत्राचा फोटो जोडला नाही.

सकाळी त्याचं उत्तर : ‘बरं बाई, तू शाणी. किरणोत्सवाला येणार काय? थोरलीला बघाय पावणं यायचं हाईत.’

मी अंगठा टाकला.