पिकअपच्या मीटरविषयी आपण लिहिलेल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण इंटरनेटवर आमच्या दुकानाला पाचपैकी एकच तारा (स्टार) देऊन जे लिहिले, त्याला उत्तर द्यायला मला नऊ दिवस लागले. मीटर पुन्हा उघडून पाहिल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही असे मी ठरवले होते, आणि आपले चालक शनिवारी गाडी घेऊन आले तेव्हा ते त्यांच्यासमोरच उघडले. इतर वाचकांसाठी आपली तक्रार थोडक्यात सांगतो. बेळगावची भाजी चोर्ला घाटाने गोव्याला नेणाऱ्या आपल्या पिकअपचे मीटर, म्हणजे वेग, डिझेल, तापमान दाखवणारे चालकासमोरचे पॅनेल, मध्येच काळे पडत होते. आम्ही ‘दहा मिनिटे सोल्डर (सांधा जोडायला वितळवून लावतात तो मिश्रधातू) लावून’ १,८०० रुपये घेतले आणि एकोणिसाव्या दिवशी, रात्रीच्या पावसात, कणकुंबीच्या पुढे ते पूर्ण बंद पडले. फोन केल्यावर दुकानातून ‘वायरिंगचा फॉल्ट असणार’ असे उत्तर मिळाले. डिझेलचा काटा आता जास्त दाखवतो, आणि मीटर उघडताना किलोमीटरच्या आकड्यात फेरफार झाला असावा अशी आपल्याला शंका आहे.

शेवटची शंका सोडली तर आपण लिहिलेले बरेचसे खरे आहे.

पहिल्या वेळी गाडी आली तेव्हा डिस्प्ले लुकलुकत होता, ऑइलच्या आणि बॅटरीच्या खुणेचे दिवे विनाकारण लागत होते, आणि मीटरच्या वर थाप मारली की सगळे जागेवर येत होते. थाप मारून चालू होणारे मीटर बहुधा जळालेले नसते, कुठेतरी सुटलेले असते. आपल्या गाडीत वायरिंगचे अख्खे जुडगे ज्या कनेक्टरमध्ये येते, तो कनेक्टर मीटरमधल्या सर्किट बोर्डावर थेट सोल्डर केलेला आहे. त्यामुळे जुडग्याचे ओझे आणि रस्त्याचे हादरे त्याच्या पिनांवरच येतात. त्यात दुपारी डॅशबोर्ड उन्हाने तापतो आणि रात्री घाटात निवतो, तेव्हा धातूची पिन आणि फायबरचा बोर्ड सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. काही वर्षांनी पिनेभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर पडते. नुसत्या डोळ्यांना ती सहसा दिसत नाही. दहापट भिंगाखाली उजेड तिरका धरला की पिनेच्या पायाशी एक काळी बांगडी दिसते. आपल्या बोर्डावर अशा चार बांगड्या होत्या, आणि त्यांचा फोटो त्याच दिवशी चालकांच्या मोबाइलवर पाठवला होता.

शनिवारी त्या चारही पिना भिंगाखाली आणि मल्टिमीटरने तपासल्या. त्या घट्ट आहेत. सुटली ती पाचवी, अर्थची (मीटरचा वीजप्रवाह बॅटरीकडे परत नेणारी) पिन, आणि तिच्यावर शेवटचा हात आमचाच फिरलेला होता.

हे कसे झाले ते नीट सांगितले पाहिजे. चिरलेल्या पिनांबरोबर शेजारच्या पिनाही नव्याने सोल्डर करायची आमची पद्धत आहे, आणि अर्थची पिन त्यांत होती. परंतु ही पिन बोर्डावरच्या रुंद तांब्याच्या पट्ट्याला जोडलेली असते, आणि सोल्डर वितळवायचे गरम आयर्न टेकवले की तो पट्टा सगळी उष्णता ओढून घेतो. आपल्या बोर्डावरचे कंपनीचे मूळ सोल्डर शिसेविरहित आहे. ते साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळते. आमच्याकडची ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाची तार १८३ अंशांनाच वितळते. इतर पिनांना दोन-तीन सेकंद पुरले म्हणून हिलाही तेवढेच दिले गेले. आमचे नवे सोल्डर वरच्यावर वितळले, खालचे जुने तसेच राहिले, आणि दोन्ही एकजीव झालेच नाहीत. वरून ते गुळगुळीत आणि चकचकीत दिसत होते. आमच्या धंद्यात याला ड्राय सोल्डर म्हणतात, आणि वीस वर्षे आयर्न हातात धरलेल्या माणसाकडून ते व्हावे याचे मला वाईट वाटते. दिव्याची एखादी पिन सुटली तर तेवढा दिवा जातो, पण अर्थ सुटला की अख्खे मीटर एका क्षणात काळे पडते. आपण ‘सगळे एकदम गेले’ असे लिहिले होते, तेव्हाच मला अर्थचा संशय आला होता.

दुकानात ते का सापडले नाही, हाही प्रश्न आपण विचारू शकता. मीटर टेबलावर १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर तासभर चालू ठेवले होते आणि ते एकदाही अडखळले नाही. टेबल हलत नाही. चोर्ल्याचा रस्ता हलवतो. आता जुने सोल्डर तांब्याच्या जाळीने पूर्ण शोषून काढले, बोर्ड गरम हवेने शेकून घेतला, फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावतात ते रसायन) लावून रुंद टोकाच्या आयर्नने नवे सोल्डर भरले, आणि ते छिद्रातून पलीकडच्या बाजूला उतरलेले चालकांना भिंगातून दाखवले. त्यानंतर कनेक्टर हाताने चारही बाजूंना हलवत तीन तास मीटर चालू ठेवले. ही हलवून पाहण्याची तपासणी आम्ही पहिल्याच वेळी करायला हवी होती.

फोनवरच्या उत्तराबद्दल दुकानातल्या मुलाला दोष देऊ नये, ही विनंती. पंधरा दिवसांनंतर तक्रार आली तर आधी वायरिंग तपासून घ्यायला सांगावे, अशी सूचना मीच त्याला देऊन ठेवली होती. बऱ्याचदा उंदराने कुरतडलेली वायर किंवा ढिला फ्यूज निघतो, हे खरे आहे; पण गाडी न बघता दोष गाडीवर ढकलणे हे काही उत्तर नव्हे, आणि रात्री घाटात तापमानाचा काटा आणि ऑइलचा दिवा दिसत नसताना गाडी चालवणाऱ्या माणसाला तर नव्हेच. ती सूचना मी मागे घेतली आहे.

डिझेलचा काटा जास्त दाखवत होता, तीही चूक आमचीच. बोर्ड बाहेर काढण्यासाठी काटे छोट्या मोटारींच्या दांड्यांवरून उपसावे लागतात. उपसण्यापूर्वी प्रत्येक काट्याची जागा टिपून ठेवायची असते, कारण दांडी गोल आहे आणि काटा तिच्यावर कुठेही बसतो. स्पीडच्या आणि तापमानाच्या काट्यांची खूण आम्ही केली होती, डिझेलच्या काट्याची अंदाजाने धरली. पाव टाकी उरली असताना अर्ध्याच्या जवळ दाखवणारा काटा घाटात माणसाला कुठे नेऊन उभा करील, हे मला सांगायला नको. या वेळी टाकीतल्या फ्लोटच्या (डिझेलची पातळी सांगणाऱ्या तरंगत्या भागाच्या) जागी आधी रिकाम्या आणि मग भरलेल्या टाकीइतका रोध जोडून दोन्ही टोकांना काटा जुळवला आहे.

किलोमीटरबद्दल मात्र मी ठामपणे लिहितो. तो आकडा मीटरमधल्या आठ पायांच्या एका छोट्या मेमरी आयसीमध्ये (चिपमध्ये) साठवलेला असतो. वीज काढून घेतली तरी तो तसाच राहतो, आणि कनेक्टरच्या पिनांना सोल्डर लावल्याने तो बदलत नाही. तो बदलायचा तर त्या आयसीला वेगळे यंत्र लावावे लागते. जुन्या गाड्यांच्या विक्रीआधी आकडा खाली आणून मागणारे लोक आमच्याकडे अधूनमधून येतात आणि तसेच परत जातात. आपल्या मीटरचे उघडण्यापूर्वीचे आणि बसवल्यानंतरचे दोन्ही फोटो चालकांना दिले आहेत. त्यांत ४ किलोमीटरचा फरक दिसेल, तो आमच्या चाचणी फेरीचा आहे.

आता दहा मिनिटे आणि १,८०० रुपये. आयर्न खरोखरच दहा-बारा मिनिटे चालले असेल. बॅटरीची निगेटिव्ह काढणे, पॅनेलचे खटके न मोडता मीटर सोडवणे, काटे आणि डायल उतरवणे, दोष शोधणे, फ्लक्सची घाण अल्कोहोलने धुणे, सगळे पुन्हा जोडणे, याला अडीच तास गेले. बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला यातले काही दिसले नाही, आणि आम्ही पावतीवर ‘मीटर रिपेअर’ एवढे दोनच शब्द लिहिले, त्यामुळे आपला समज झाला तर त्यात नवल नाही. यापुढे किती पिना केल्या, काय उघडले, काय तपासले, हे पावतीवर येईल, आणि हमीची मुदतही लेखी असेल.

शोरूमचे ऐकून नवेच मीटर घ्यायला हवे होते, असेही आपण म्हणता. काही गाड्यांना मी स्वतः तेच सांगतो. पाणी शिरून बोर्डावरचे तांबे हिरवे पडले असेल, डिस्प्लेची काच तडकली असेल, किंवा डिस्प्ले बोर्डाशी जोडणारी, काचेला गरम दाबून चिकटवलेली फीत सुटून आकड्यांच्या रेघा गायब होत असतील, तर सोल्डरचा उपयोग नाही. त्या फितीला सोल्डर धरतच नाही, आणि मोबाइलवरचा व्हिडिओ बघून तिला आयर्न लावलेली मीटरे आमच्याकडे वितळून येतात. आपल्या बोर्डावर यांतले काहीच नव्हते. नवे मीटर टाकले असते तर त्यात जुना आकडा भरून घेण्याचे काम वेगळे निघाले असते, आणि पिनांना चिरा पडल्या म्हणून चांगला डिस्प्ले, चांगल्या मोटारी आणि चांगली मेमरी भंगारात गेली असती. दुरुस्ती करायचा निर्णय बरोबर होता, आमचे काम अपुरे होते, असे माझे मत आजही आहे.

१,८०० रुपये सोमवारी आपल्या खात्यावर परत केले आहेत. शनिवारच्या कामाचे काही घेतलेले नाही. कनेक्टरच्या सर्व पिनांवर आजपासून सहा महिन्यांची हमी आहे, आणि ती पावती चालकांनी गाडीच्या कागदांच्या पिशवीत ठेवली आहे. पुढच्या वेळी टाकी पूर्ण भराल तेव्हा काट्याचा एक फोटो दुकानाच्या नंबरवर पाठवावा. तो वरच्या रेघेपासून जरासुद्धा ढळलेला दिसला तर गाडी बाजारातून परतताना उद्यमबागेत आणावी, मी स्वतः बसवून देईन. चालकांना मीटरवर थाप मारायची सवय लागली आहे, तेवढी मात्र सोडायला सांगावी.

आपला,
दुकानमालक, उद्यमबाग, बेळगाव