‘लपवलेलं विज्ञान’ खरंच लपवलेलं होतं का?

एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो: अमेरिकेतले हवेचे कडक नियम हार्वर्डच्या एका जुन्या अभ्यासावर उभे आहेत, त्याची मूळ माहिती लपवून ठेवली आहे, आणि सूक्ष्म कणांमुळे माणसं दगावतात हे सिद्धच झालेलं नाही. तिथले उद्योगसमूह हे १९९७ पासून म्हणत आले आहेत. त्या वर्षी पीएम २.५ साठी, म्हणजे हवेतल्या २.५ मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांसाठी, पहिली मर्यादा ठरली.

आधी अभ्यास काय होता ते. अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या ८,१११ प्रौढांवर १४ ते १६ वर्षं नजर ठेवली गेली. १९९३ साली निष्कर्ष आला: सर्वांत प्रदूषित स्टुबेनव्हिलमध्ये मृत्युदर सर्वांत स्वच्छ पोर्टेजपेक्षा २६ टक्के जास्त. ‘तिथले लोक सिगारेटी ओढत असतील’ असंही म्हटलं जातं. पण हा आकडा धूम्रपान, वय, वजन, शिक्षण यांचा हिशेब करूनच काढलेला आहे.

लपवालपवीचं म्हणाल, तर लोकांनी आपल्या आजारपणाची माहिती गुप्ततेच्या शब्दावर दिली होती. ती चव्हाट्यावर मांडणं म्हणजे तो शब्द मोडणं. तरीही संशोधकांनी ती बॉस्टनच्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटच्या हवाली केली. या संस्थेचा निम्मा पैसा वाहन उद्योगाकडून येतो, हे मुद्दाम सांगतो. डॅनियल क्रेव्स्की यांच्या स्वतंत्र गटाने प्रश्नावल्या आणि मृत्यूचे दाखले तपासले, गणित नव्याने केलं. २००० साली उत्तर मिळालं: मूळ निष्कर्ष टिकतो. तपासणी मागणं रास्तच होतं. पण ती झाल्यावरही २०१८ मध्ये तोच आक्षेप पुढे करून अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेने (ईपीए) अशा अभ्यासांना बाजूला सारणारा नियम आणायला घेतला, याचा मला राग येतो. तो नियम २०२१ मध्ये न्यायालयाने रद्द केला.

आता दुसरा आक्षेप: प्रदूषण आणि आजार यांचा संबंध हा ‘नुसता योगायोग’. अमेरिकेतल्या युटा खोऱ्यातला पोलाद कारखाना १९८६-८७ मध्ये कामगारांच्या वादामुळे सुमारे १३ महिने बंद होता. संशोधक आर्डेन पोप यांनी रुग्णालयांच्या नोंदी काढल्या. कारखाना सुरू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनाच्या त्रासाने दाखल होणारी मुलं दुप्पट-तिप्पट होती. विरोधक म्हणाले, ही तर विषाणूची साथ. पण त्या काळातले हवा गाळलेले फिल्टर जपून ठेवलेले होते! पुढे त्यांवरच्या धुळीचा अर्क स्वयंसेवकांच्या फुप्फुसांत अगदी थोडा सोडून पाहिला. कारखाना चालू असतानाच्या धुळीने दाह झाला, बंद काळातल्या धुळीने तितका नाही. फिल्टरवरच्या धुळीला साथ लागत नाही.

सहा शहरांतही पुढे हवा सुधारली तसा मृत्यूचा धोका घटला. ते निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले.

राहिला नियम पाळायला येणाऱ्या खर्चाचा मुद्दा. तो विज्ञानाचा नाहीच. मर्यादा ठरवताना फक्त आरोग्य पाहायचं, खर्च नाही, असा एकमुखी निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच दिला आहे.