हप्ता नको कमी करू, वर्षं कमी कर ना बाबा!

आज पुन्हा बँकेत जाऊन आले आणि डोक्यात अशी तिडीक गेलीय की हे लिहिल्याशिवाय जेवण जायचं नाही.

जून २०२१ मध्ये बदलापूरला फ्लॅट घेतला. कर्ज ४० लाख, दर ६.८ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता ३०,५३४. फ्लोटिंग रेट, म्हणजे वरखाली होणारा व्याजदर. तेव्हा रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते आणि ज्याच्या मागे आमचा दर चढतो-उतरतो तो, ४ टक्क्यांवर होता आणि आम्हाला वाटलं, काय स्वस्तात पडलंय! मी आलेखाच्या कागदावर २४० चौकोन आखले आणि तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. हप्ता गेला की लेक स्केचपेनने एक चौकोन रंगवते. हसा हवं तर. पण वीस वर्षांचं ओझं नुसतं डोक्यात ठेवून माणूस दमतो, डोळ्यांना काहीतरी कमी होताना दिसावं लागतं.

मग मे २०२२ पासून रेपो चढायला लागला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा. आमचा दर ९.३. दर वेळी बँकेचा मेसेज यायचा: दर वाढला आहे, तुमच्या हप्त्यात बदल नाही. मी मूर्ख, खूश. एप्रिलमध्ये स्टेटमेंट उघडलं तर ३०,५३४ पैकी २९,९०० च्या वर व्याज. मुद्दलात सहाशे रुपये! सहाशे! तेवढ्याची तर आमच्याकडे महिन्याला भाजीसुद्धा येत नाही. हप्ता तोच ठेवून त्यांनी मुदत ताणली होती, आणि त्या वेगाने कर्ज फिटायला चाळीसच्या वर वर्षं लागली असती. म्हणजे मी शहात्तरीत. चौकोनांसाठी दुसरा कागद जोडायला घेतला तेव्हा लेक म्हणाली, "आई, हे वाढतायत कसे?" काय सांगू तिला?

नंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. त्याआधीच मी रजा टाकून गेले होते आणि हप्ता ३६,६०० करून घेतला, तेव्हा कुठे वीस वर्षं परत वीस झाली. महिन्याला सहा हजार जास्त. वर्षभर बाहेरचं जेवण बंद, नवऱ्याचा नवा फोन बंद, माझ्या चपलांचा अंगठा दोनदा शिवून घेतला.

त्या दिवाळीला बोनस आला. आमच्यात ठरलं, एक लाख सरळ कर्जात. फ्लोटिंग रेटच्या गृहकर्जाला मुदतीआधी पैसे भरले तर दंड नाही, हे २०१२ पासून आहे, तेव्हा ती भीती नव्हती. मी रात्री बसून हिशोब केला होता. एका लाखात शेवटचे जवळपास तेरा हप्ते उडतात. म्हणजे आज एक लाख भरले की पुढचे पावणेपाच लाख वाचले. लेकीने लाल पेन काढूनच ठेवलं होतं, एकदम तेरा चौकोन!

महिन्याने बघते तर हप्ता साडेनऊशेने कमी झालेला. मुदत जागच्या जागी.

काउंटरवरचा माणूस म्हणतो, "मॅडम, हप्ता कमी झाला ना, मग प्रॉब्लेम काय?" अरे, प्रॉब्लेम काय? पोटाला चिमटा काढून मी लाख रुपये साठवले ते महिन्याला साडेनऊशे सुटे मिळावेत म्हणून? ते वाण्याकडे कधी गेले कळतसुद्धा नाही! तर म्हणे मुदत कमी करायला वेगळा अर्ज, आणि तो इथे नाही, लोनच्या ऑफिसात, ठाण्याला. पैसे मात्र ॲपवरून अर्ध्या मिनिटात घेतले होते.

घरी आले तर मावसदीर सोफ्यावर. "वहिनी, होम लोन म्हणजे सगळ्यात स्वस्त कर्ज. ते कशाला फेडायचं? एसआयपी करा, दर महिन्याला म्युच्युअल फंडात टाका, बारा टक्के सुटतात." यांच्या त्या बारा टक्क्यांची हमी कोण लिहून देणार? माझे ९.३ तर बँक न चुकता कापते. वर "टॅक्सचा फायदा जाईल हं." अहो भाऊजी, आम्ही दोघं नव्या टॅक्स रिजीममध्ये आहोत, राहत्या घराच्या व्याजावर तिथे दमडी मिळत नाही. आणि जुन्यात मिळत होती म्हणून शंभर रुपये व्याज भरून तीस वाचवायचे? कर्ज काढून मोठी गाडी घेणाऱ्याला पेढे मागतात लोक. फेडणाऱ्याला शहाणपण शिकवतात.

ठाण्याला गेले, अर्ज दिला, एकदाचे तेरा चौकोन लाल झाले.

आणि आता ऐका. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो एक टक्क्याने उतरला. आमचा दरही उतरला. मी मनात चौकोन मोजत होते. बँकेने काय केलं असेल? हप्ता दोन हजारांच्या वर कमी केला! दर चढला तेव्हा वर्षं वाढवली, दर उतरला तेव्हा हप्ता कमी केला, मी आगाऊ भरले तरी हप्ताच कमी केला. काहीही होवो, शेवटची तारीख जवळ येता कामा नये! आणि हे करताना दर वेळी भाव असा, जणू माझ्यावर उपकार.

तेव्हा पुन्हा अर्ज. आज साहेब जागेवर नाहीत. निघताना काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणते, "मॅडम, तुमचं रेकॉर्ड खूप छान आहे, टॉप-अप लोन घेणार का, याच कर्जावर आणखी थोडं?"

आता परत ठाण्याला जायला शनिवारच मोकळा आहे. कॅलेंडर बघितलं. दुसरा शनिवार. बँक बंद.