बूड टेकण्यापुरती कॉफी

सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण यांच्या मधला एखादा मुहूर्त काढून दोन्ही एकदाच उरकावं, म्हणजे ‘ब्रंच’ करावा, असा लेख गाय बेरिंजर नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने १८९५ साली लिहिला. त्याचं म्हणणं साधं होतं. शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागलेल्या माणसाला रविवारी सकाळी उठवून भरल्या ताटावर बसवणं हा छळ आहे. त्याला झोपू द्या, सावकाश उठू द्या, मग चहा-कॉफी आणि मुरंब्यापासून सुरुवात करून हळूहळू जड पदार्थांकडे न्या. अशा खाण्याने माणूस खुशीत येतो आणि त्याला बोलावंसं वाटतं, असंही त्याने लिहून ठेवलंय.

मला हे सगळं मान्य आहे. पण उशिरा उठणाऱ्यांसाठी काढलेल्या या जेवणाला आज कॅफेत जागा मिळवायची, तर ऑफिसच्या दिवसापेक्षा लवकर उठावं लागतं. साडेनऊला पोचलात तर निवांत. दहाला थोडी कुजबुज. साडेदहाला मात्र दारात टॅब घेतलेला एक मुलगा उभा असतो. तो तुमचं नाव लिहून घेतो आणि ‘पंधरा-वीस मिनिटं, सर’ असं म्हणतो. ही मिनिटं आपल्या घड्याळातली नव्हेत. रेल्वेचा उशीर निदान कुणीतरी जाहीर करतं. इथे आपण मुलाकडे बघायचं आणि मुलाने टॅबकडे बघायचं, एवढंच.

बरीच वर्षं असा काचेबाहेर उभा राहून मी एका मतावर आलोय: कॅफेत विकायला असते ती खुर्ची. कॉफी हे तिचं भाडं, आणि सोबतचं खाणं म्हणजे अनामत रक्कम. काचेतून आत बघा. ज्यांचं खाऊन कधीच झालंय, त्यांच्या कपात तळाशी बोटभर कॉफी शिल्लक असते. ती पिण्यासाठी नसते, ताब्याचा पुरावा म्हणून असते. कप रिकामा झाला की हक्क संपला. म्हणून मुरलेला गिऱ्हाईक तो शेवटचा घोट तासभर राखतो, मधूनमधून कप ओठांना लावतो आणि तसाच खाली ठेवतो. कसेल त्याची जमीन, बसेल त्याची खुर्ची.

हे भांडण जुनं आहे. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये एक पेनी देऊन कॉफीहाउसात शिरायचं आणि दिवसभर वर्तमानपत्रं वाचत बसायचं, अशी सोय होती. दुसऱ्या चार्ल्स राजाला ते खुपलं. रिकामटेकडे लोक तिथे बसून वेळ घालवतात आणि सरकारविरुद्ध कंड्या पिकवतात, म्हणून २९ डिसेंबर १६७५ रोजी त्याने फर्मान काढलं, की १० जानेवारीपासून सगळी कॉफीहाउसं बंद. त्यावर एवढा ओरडा झाला, की ८ जानेवारीलाच त्याला माघार घ्यावी लागली. बसलेल्यांना राजाही उठवू शकला नाही. आजच्या कॅफेवाल्याने तेच काम पाठ नसलेल्या एका उंच स्टुलावर भागवलंय.

त्याच लंडनमध्ये पुढे एडवर्ड लॉइडच्या कॉफीहाउसात जहाजांचे कप्तान आणि व्यापारी येऊन बसत. त्या बसण्यातूनच जगप्रसिद्ध विमा बाजार उभा राहिला. ‘शनिवार-रविवार लॅपटॉप चालणार नाही’ अशी पाटी लॉइडने लावली नव्हती, हे विम्याचं नशीब.

तर आमचा सहा जणांचा कंपू. आमच्यात एक आहे त्याला आम्ही सचिव म्हणतो, कारण कुठे जायचं, किती वाजता आणि मागच्या वेळी कुणी उशीर केला याची नोंद त्याच्याकडे असते. त्या रविवारी त्याने शोधलेल्या कॅफेत आमचं नाव एकदाचं पुकारलं गेलं आणि आम्हाला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. दोघं भिंतीलगतच्या बाकावर सरकले. त्या बाकाचं वैशिष्ट्य असं, की एकदा आत गेलेला माणूस बिल भरेपर्यंत बाहेर येऊ शकत नाही. दोघांना गुडघ्याच्या उंचीचा सोफा मिळाला, त्यामुळे त्यांची फक्त डोकी टेबलावर दिसत होती. उरलेल्या दोन उंच खुर्च्यांवर मी आणि सचिव बसलो. वरून बघताना आपण या सगळ्यांची तोंडी परीक्षा घ्यायला आलोय, असं वाटत होतं.

टेबल एवढंसं, आणि डुगडुगणारं. कुणीतरी नेहमीप्रमाणे टिश्यूची घडी करायला घेतली, तेवढ्यात सोफ्यावरून गणिताच्या मास्तरांचा आवाज आला. आमच्यात एक खरोखर गणित शिकवतो. तो म्हणाला, ‘‘घडी कशाला? टेबल फिरवा.’’ तीन पायांचं टेबल कधीच डुगडुगत नाही, कारण कुठलेही तीन बिंदू एका प्रतलात बसतातच. आणि चौकोनी टेबलाचे चारही पाय सारखे असतील, जमीन वरखाली असली तरी पायरीसारखी तुटलेली नसेल, तर टेबल जागच्या जागी फिरवत नेलं की पाव वळशाच्या आत कुठेतरी चारही पाय टेकतात. हे सिद्ध झालेलं आहे, असं त्याने सांगितलं. नंतर मी खात्री करून घेतली, खरंच सिद्ध झालेलं आहे. सिद्धतेत टेबलाभोवती माणसं बसलेली नसतात, एवढाच फरक.

आम्ही सगळे अर्धवट उठलो (बाकावरचे उठू शकले नाहीत, त्यांनी पोट आत घेतलं) आणि टेबल फिरवायला लागलो. पाण्याची बाटली, टेबल क्रमांकाची पट्टी आणि एक छोटं निवडुंग आमच्याबरोबर फिरलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपली बाबागाडी जवळ ओढून घेतली. मास्तर सोफ्यातून ‘अजून, अजून, हां, थोडं मागे’ असं करत होता. शेवटी टेबल खरंच टेकलं. इतकं घट्ट बसलं, की गणिताबद्दल मला शाळेत कधी वाटला नव्हता तेवढा आदर वाटला. मात्र आता त्याचा एक कोपरा नेमका सचिवाच्या बरगडीसमोर होता आणि दुसरा वाटेत आला होता. पुढचा सगळा वेळ ट्रे घेऊन जाणारा प्रत्येक माणूस त्याला वळसा घालताना ‘सॉरी’ म्हणत होता. सॉरी खरं तर आम्ही म्हणायला हवं होतं. पण टेबल स्थिर होतं, आणि मास्तर ते पुन्हा हलवू देईना.

मेनू मागितला, तर मुलाने टेबलावर चिकटवलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाकडे बोट दाखवलं. हा क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी तयार झाला. आता त्याच्यापुढे आम्ही बसलो होतो. सहा माणसं, सहा फोन, सहा वाकलेल्या माना. ज्यांना एकमेकांना भेटायचं होतं, ते पहिली दहा मिनिटं पानं दोन बोटांनी मोठी करत होते. सचिवाच्या फोनची बॅटरी संपत आलेली, म्हणून त्याला कुणीतरी पूर्ण यादी वाचून दाखवली. तो सगळी ऐकून म्हणाला, ‘‘तुम्ही जे घ्याल तेच.’’

कॉफीचं प्रकरण त्याहून नाजूक. यादीत नावं डझनभर, पण बऱ्याच जणांची आई एकच. बारीक दळलेल्या कॉफीतून साधारण नऊ बार दाबाने गरम पाणी पंचवीस-तीस सेकंदांत ढकललं की एस्प्रेसो तयार. त्यात दूध किती आणि फेस किती, यावरून कॅपुचिनो, लाटे, कोर्टाडो, फ्लॅट व्हाइट अशी मुलं नाव कमावतात. फ्लॅट व्हाइट नेमका कुणाचा, यावरून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये वाद आहे. आमच्या टेबलावर तो आणि लाटे यांतला फरक चवीवरून सांगू शकेल असा एकही माणूस नव्हता, तरी दोघांनी ठामपणे फ्लॅट व्हाइटच मागवली. तीस सेकंदांची ती कॉफी यायला अर्धा तास लागला. वर दुधाचं पान काढलेलं होतं. पान मोडू नये म्हणून कुणी ढवळेना, आणि साखर घातली तर बनवणाऱ्याला काय वाटेल म्हणून कुणी साखरही मागेना.

‘‘जरा कडक गरम मिळेल का?’’ बाकावरच्याने विचारलं. मुलाच्या चेहऱ्यावर दुःख पसरलं. त्याचंही बरोबर होतं. कॉफीचं दूध साठ-पासष्ट अंशांपर्यंतच तापवतात; फार पुढे गेलं की त्याचा गोडवा जातो आणि मऊ फेसही बिघडतो. हे त्याने इतक्या हळुवारपणे समजावलं, की बाकावरच्याने माफी मागितली आणि जीभ न भाजणारी कॉफी निमूट प्यायली.

खाणं आलं, तेव्हा कळलं की कोमटपणा हे ब्रंचचं तत्त्वच आहे. मी एग्ज बेनेडिक्ट मागवलं होतं. त्यावर जो हॉलंडेज सॉस असतो, तो अंड्याचा बलक आणि लोणी घोटून करतात. जास्त तापवला तर फाटतो, गार झाला तर थिजतो, म्हणून बिचाऱ्याचं सगळं आयुष्य मधल्या तापमानात जातं. त्यात आमच्या सहा डिशा सहा वेळांना आल्या. पहिली ज्याची आली तो ‘थांबतो रे’ म्हणाला, आम्ही ‘अरे सुरू कर’ म्हणालो, तो ‘नाही नाही’ म्हणाला. ही सभ्यता चौथ्या डिशपर्यंत टिकली. माझा सॉस तोवर थिजण्याच्या बाजूला झुकला होता. शिवाय तो ताटलीत नव्हता, कडा नसलेल्या लाकडी फळीवर होता आणि उताराचा अंदाज घेत होता. टेबल स्थिर असल्याचा फायदा मला त्या वेळी झाला, हे मास्तरला सांगितलं नाही.

सावरडो पावाबद्दल मी फार बोलणार नाही. चवीला उत्तम. पण त्याचं कवच आणि कॅफेची सुरी यांची ताकद कुणीतरी एकदा ताडून बघायला हवी. सोफ्यावरच्यांना टेबल छातीशी येत असल्यामुळे त्यांना जोर लावता येत नव्हता. शेवटी त्यांनी तो पाव हातात धरून दातांनी तोडला आणि आजूबाजूला कुणी बघतंय का ते पाहिलं.

आणि आवाज. छत उघड्या काँक्रीटचं, भिंती नुसत्या, समोर काच. आवाज मुरायला कुठे गादी नाही की पडदा नाही. कॉफी दळायचं यंत्र, दुधात वाफ सोडतानाची शिट्टी, वरून गाणी. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. त्याचं नावही त्या प्रकाराला मिळालं. एका टेबलाने आवाज चढवला की शेजारचं चढवतं, मग त्याच्या शेजारचं. बेरिंजर म्हणाला तसं सगळ्यांना बोलावंसं वाटत होतं, आणि सगळे बोलतही होते. ऐकू मात्र कुणाला काही येत नव्हतं. अशा वेळी माणसं एक युक्ती करतात. समोरच्याचे ओठ थांबले की मान डोलवायची, हसायचं आणि ‘हो ना!’ म्हणायचं. आमचा कंपू यात तरबेज आहे.

मी त्या दिवशी मुद्दाम एक विषय घेऊन आलो होतो. पुढच्या रविवारी मी घर बदलणार होतो आणि माणसं हवी होती. मी एस्प्रेसो यंत्राच्या दोन शिट्ट्यांच्या मधली फट पकडून सगळं सांगितलं: तारीख, वेळ, खोकी किती, टेम्पो कुठे उभा राहील. सगळे हसले, सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तर ‘नक्की!’ म्हणाला. सचिवाने अंगठा दाखवला. बाकावरचा तर उत्साहाने ओरडला, ‘‘मलाही एक!’’ मला भरून आलं.

तेवढ्यात काटा खाली ठेवायची चूक कुणीतरी केली. ‘झालं, सर?’ म्हणत मुलाने फळी उचलली. मग ‘अजून काही?’, मग पाणी भरलं, मग टेबल पुसलं, मग पुन्हा ‘अजून काही?’. काचेबाहेरून पंधरा-वीस जण आमच्याकडे बघत होते, आणि त्या नजरा मला चांगल्या ओळखीच्या होत्या. सोफ्यावरच्याने बोटभर कॉफी राखली होती, पण मुलगा अनुभवी निघाला. ‘घेऊ का?’ असं विचारतानाच त्याने कप उचलला होता. बिलाचे सहा भाग पाडण्याच्या हिशेबातून गणिताच्या मास्तरने अंग काढून घेतलं. शेवटी एकाने सगळं भरलं आणि बाकीच्यांना खाते क्रमांक पाठवला.

बाहेर आलो आणि फुटपाथवर, कुठल्याच खुर्चीविना, खऱ्या गप्पा सुरू झाल्या. कुणाचा रक्तदाब वाढला, कुणाच्या मुलीने शाळा बदलली, सगळं तिथे कळलं. आत दोन तासांत जेवढं बोलणं झालं नव्हतं, तेवढं तिथे दहा मिनिटांत उभ्याउभ्या झालं. मग मी विचारलं, ‘‘तर रविवारी आठला नक्की ना?’’

‘‘कुठे?’’ मास्तर म्हणाला.

‘‘माझ्याकडे. सामान हलवायला. आत सगळ्यांनी हो म्हटलंय.’’

कुणी काही बोलेना. सचिवाने हळूच सांगितलं, ‘‘मला वाटलं, पॅनकेक मागवू का विचारतोयस.’’ मास्तरला वाटलं होतं, मी नवीन चष्म्याबद्दल त्याचं मत विचारतोय. सोफ्यावरच्या दोघांपैकी एकाला मी काही बोललो हेच ठाऊक नव्हतं. तो सवयीने हसला होता. पण सहा जणांत एक नियम आहे, टेबलावर दिलेला शब्द मागे घ्यायचा नाही. सचिवाकडे नोंद राहते.

‘‘कितवा मजला?’’ कुणीतरी विचारलं.

‘‘जुनं घर तिसऱ्यावर, नवीन पाचव्यावर. लिफ्ट आहे, पण लोखंडी कपाट मावत नाही तिच्यात.’’

कामं तिथेच वाटून घेतली. सचिवाकडे पुस्तकांची खोकी, सोफ्यावरच्या दोघांकडे सोफा. आणि ज्याने आत ‘मलाही एक’ म्हटलं होतं, त्याला कपाट दिलं.